मालक कोण? भिलाईच्या निमित्ताने

नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी दुर्ग स्थानक सोडते आणि थोड्याच वेळात भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. हा प्रवास मी लहानपणी अनेकदा केला, कारण माझे थोरले मामा १९५८ साली अमरावतीहून भिलाईला नोकरीस गेले आणि सेवानिवृत्तीपर्यंत तेथेच राहिले. आजी शेजारीपाजारी अभिमानाने सांगे, ‘आमचा मुलगा सरकारी नोकरीत आहे.’ मामा दर खेपेस दुरुस्ती करीत, ‘आई, सरकारी नव्हे, कंपनीची.’ या दोहोंत खरे काय, हे मला प्रशासनात आल्यावर कळू लागले. पण ते पुरते कळण्यापूर्वी माझ्या हातून एक चूक घडली. तिच्याकडे शेवटी येतो.

भिलाईला पोसणारे लोहखनिज सुमारे ८० किलोमीटरवरील दल्ली-राजहराच्या डोंगरांतून आले. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी त्याची नोंद १८८७ सालीच केली होती. पुढे जमशेटजी टाटा यांनी पोलादाचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांची माणसे प्रथम आपल्या चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे शोध घेत होती. तेथे निराशा झाली. परवाना परत करावा म्हणून दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तेथे टांगलेल्या भूगर्भीय नकाशावर दुर्ग जिल्ह्यात लोखंडाचा रंग त्यांना दिसला, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. (अधिकारी जागेवर नसल्याने देशाचे भले झाल्याचे उदाहरण आमच्या खात्याच्या इतिहासात बहुधा एवढेच!) १९०३च्या सुमारास दल्ली-राजहराची पाहणी झाली. खनिज उत्कृष्ट होते. पण पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा दूर होता. १९०४ साली त्याच बोसांनी मयूरभंजच्या खनिजाची माहिती कळविली, ते झरियाच्या कोळशाला जवळ होते, आणि टाटांचा कारखाना साकची येथे गेला. आज आपण त्या गावाला जमशेदपूर म्हणतो.

टाटांचा निर्णय चुकला होता काय? मुळीच नाही. १९०७ साली ज्यांनी मुंबईस रांगा लावून टाटांचे भाग घेतले, त्यांच्या पैशाचा हिशेब कंपनीला द्यायचा होता. कोळशाच्या वाहतुकीचा प्रत्येक रुपया त्या हिशेबात पडला असता.

तोच डोंगर अर्ध्या शतकाने दुसऱ्या मालकाच्या हिशेबात बसला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला. कर्ज अडीच टक्के व्याजाने, बारा वर्षांत फेडायचे. त्या वेळी भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्याची राजधानी नागपूर होती, हे आज आपल्यापैकी कित्येकांच्या लक्षातही नसते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. कोळसा या वेळीही दूरच होता. मात्र या मालकाची स्वतःची रेल्वे होती, आणि १९५६पासून पोलादाचा वाहतूक खर्च देशभर समान वाटण्याचे धोरणही त्यानेच आखले होते. सरकार अधिक शहाणे होते, असा याचा अर्थ नव्हे. खर्च इतरांवर पसरविण्याची सोय त्याच्यापाशी होती, आणि तो कोणी सोसला हे विचारण्याची सोय फारशी कोणापाशी नव्हती. हे धोरण १९९२ साली संपले.

आता आजी आणि मामांचा वाद. हिंदुस्थान स्टील लिमिटेड ही कंपनी १९५४च्या जानेवारीत स्थापन झाली ती राउरकेल्यापुरती. भिलाई आणि दुर्गापूर यांचे काम थेट मंत्रालयाकडे होते. एप्रिल १९५७मध्ये ते कंपनीकडे सोपविले गेले. म्हणजे वर्षभर आधी रुजू झाले असते, तर मामांचे म्हणणे बदलले असते! खाते आणि कंपनी यांतील अंतर कागदी नाही. खात्याचा पैसा अर्थसंकल्पातून येतो आणि न वापरल्यास परत जातो. कंपनीला स्वतःचा ताळेबंद असतो, ती दावा लावते आणि तिच्यावर दावा लागतो. हिंदुस्थान स्टीलच्या एका वैद्यकीय अधिकाऱ्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९६९मध्ये सांगितले, की कंपनीचे कर्मचारी हे सरकारी पदधारक नव्हेत; सबब घटनेच्या ३११व्या अनुच्छेदाचे संरक्षण त्यांना नाही. सारे भाग सरकारचे असले तरी! न्यायालयात मामा जिंकले. बाजारात, लग्नाच्या बोलण्यात आणि बँकेत मात्र आजीच खरी ठरे. १९७३ साली स्टील अथॉरिटी ऑफ इंडिया म्हणजे ‘सेल’ स्थापन झाली, १९७८ साली भिलाई तिच्यात विलीन झाली. आज तिचे सुमारे ६५ टक्के भाग सरकारकडे आहेत.

जवळच जामुल येथे एसीसीचा सिमेंट कारखाना १९६५पासून आहे. झोतभट्टीतील मळी, म्हणजे स्लॅग, तेथे सिमेंटच्या कामी येते. या शेजाऱ्याचे मूळ खासगी: दहा कंपन्या एकत्र येऊन १९३६ साली एसीसी झाली. पुढे टाटांनी आपले भाग गुजरात अंबुजाला विकले, मग होल्सिम आली, २०२२ साली अदानी समूह आला. मालक मुंबईत, स्वित्झर्लंडमध्ये आणि अहमदाबादेत बदलत गेले. जामुलला भट्टी जळत राहिली.

परंतु भिलाईचा खरा प्रश्न सरकारी की खासगी हा नव्हता. दल्ली-राजहराच्या खाणी सरकारी कंपनीच्या होत्या, तरी तेथे खनिज फोडणारे हजारो हात ठेकेदाराचे होते. त्यांनी १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र संघटना केली. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या गोळीबारात अकरा जण मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी १९८३ साली स्वतःच्या वर्गणीने व श्रमाने शहीद रुग्णालय उभारले. माझ्या मते, मालकीचे भिलाई परिसरातील सर्वांत वेगळे रूप तेच होय. पुढे नियोगी भिलाईतील खासगी कारखान्यांच्या ठेका कामगारांसाठी उभे राहिले, आणि २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच झोपेत असताना त्यांचा खून झाला.

आता माझी चूक. नोकरीच्या आरंभी एका दूरच्या औद्योगिक नगरात मजुरीच्या थकबाकीचे अर्ज माझ्याकडे येत. एका मजुराची तीन महिन्यांची मजुरी ठेकेदाराने बुडविली आणि तो पसार झाला. कारखान्याने लिहून दिले, ‘सदर इसम आमच्या पटावर नाही.’ मी अर्जावर शेरा मारला, ‘मालक सिद्ध होत नाही,’ आणि अर्ज निकाली काढला. त्या माणसाने एवढेच विचारले, ‘साहेब, मग मी काम कोणाचं केलं?’ त्या वेळी लागू असलेल्या १९७०च्या ठेका कामगार कायद्याचे २१वे कलम स्पष्ट होते : ठेकेदार मजुरी देत नसेल, तर ती मूळ मालकाने द्यावयाची. कायदा माझ्या मागच्या कपाटात होता. दोन वर्षांनी, दुसऱ्या गावी, ते कलम प्रथम नीट वाचले, तेव्हा त्या जागेवरील अधिकाऱ्यांना पत्र पाठवून प्रकरण पुन्हा पाहण्याची विनंती केली. त्यांचे उत्तर सौजन्यपूर्ण होते. अर्जदार गाव सोडून गेला होता आणि अर्जावर पत्ता ठेकेदाराच्या छावणीचा होता.