बहुभुजाकृतीतील छिद्र (भूमाहिती)

नकाशाच्या संगणकीय माहितीत एखाद्या प्रदेशाच्या आतला, पण त्याच्या मालकीचा नसलेला भाग. दक्षिण आफ्रिकेच्या आकृतीत लेसोथोचे एक छिद्र असते. इटलीच्या आकृतीत सॅन मरिनो आणि व्हॅटिकन अशी दोन. छिद्र ओळखले गेले नाही, तर रंग आतही भरला जातो आणि क्षेत्रफळ फुगते.

संगणकाला मिळतात ती फक्त बिंदूंची बंद कडी. कोणते कडे बाहेरचे आणि कोणते छिद्राचे, हे अनेकदा फिरण्याच्या दिशेवरून ठरवतात. लागोपाठच्या बिंदूंच्या निर्देशकांचे तिरपे गुणाकार करून वजाबाक्यांची बेरीज निम्मी केली की चिन्हासह क्षेत्रफळ मिळते: धन आले तर कडे घड्याळाच्या उलट दिशेचे, ऋण आले तर सुलट. गोंधळ संकेतांचा आहे. शेपफाइलमध्ये बाहेरचे कडे घड्याळाच्या दिशेने जाते, तर २०१६ च्या जिओजेसन मानकात नेमके उलट. शिवाय पडद्यावर य-अक्ष खाली वाढतो, तिथे चिन्हही उलटते. म्हणून निव्वळ दिशेवर विसंबणे धोक्याचे. कड्यातला एक बिंदू दुसऱ्या कड्याच्या आत आहे का, ही तपासणी अधिक भरवशाची.

छिद्रात पुन्हा बेट असू शकते. २०१५ पर्यंत दहाला खागडाबाडी हा भारताचा तुकडा बांगलादेशाच्या तुकड्यात, तो भारताच्या तुकड्यात आणि तोही बांगलादेशात होता. अशा वेळी कडे किती कड्यांच्या आत आहे ते मोजतात. संख्या विषम असेल तर ते छिद्र. सम असेल तर ती स्वतंत्र आकृती धरतात.