‘अथ’ शब्दाचा अर्थ आणि अधिकारी पुरुष

ब्रह्मसूत्रांचा आरंभ ‘अथ’ या शब्दाने होतो. ‘यानंतर’ हा त्याचा अर्थ. परंतु कशानंतर, याविषयी आचार्यांत मोठा वाद झाला. जैमिनींच्या मीमांसासूत्रांतही प्रारंभी हाच शब्द आहे, आणि तेथे शबरस्वामींनी ‘वेदाध्ययनानंतर’ असा अर्थ केला. श्रीमदाद्य शंकराचार्यांना ब्रह्मविचारासाठी तेवढे पुरेसे वाटले नाही. नित्यानित्यविवेक, इहपर भोगांविषयी वैराग्य, शमदमादि संपत्ती आणि मुमुक्षुत्व ही चार साधने अंगी असतील, तर धर्मविचारापूर्वीही ब्रह्मविचार करता येतो. ती नसतील तर येत नाही, असे त्यांचे म्हणणे. तर्कपटुत्वाला या चारांत जागा नाही, ही गोष्ट वादसभांतून अजिंक्य ठरलेल्या आचार्यांच्या लेखणीतून यावी, हे विशेष होय. श्रीरामानुजाचार्यांनी आक्षेप घेतला, की शास्त्रश्रवणावाचून हा विवेक उपजणारच कोठून? त्यांच्या मते कर्मविचार आधी. आक्षेप हलका नाही.

याहून अवघड प्रश्न अधिकाराचा. छांदोग्योपनिषदातील सत्यकाम गोत्र विचारताच आईचे शब्द जसेच्या तसे सांगतो: तारुण्यात अनेकांची सेवा करीत फिरताना तू झालास, गोत्र मला ठाऊक नाही. गौतम त्याला जवळ करतात, ते तो सत्यापासून ढळला नाही म्हणून. वाचकास वाटते, येथे गुणाने जन्मावर मात केली. परंतु प्रथमाध्यायाच्या तिसऱ्या पादातील अपशूद्राधिकरणात भाष्य हीच कथा उलट बाजूने लावते: सत्य बोलण्यावरून त्याचे शूद्रत्व नाही असे ठरले, मगच उपनयन झाले. विदुर आणि धर्मव्याध यांना ज्ञान झाले हे आचार्य मान्य करतात, पण ते पूर्वसंस्कारांचे फळ म्हणून. इतिहासपुराणांचे श्रवण मात्र ते चारही वर्णांना मोकळे ठेवतात. ज्या ग्रंथाने आरंभी अधिकार मनोगुणांवर ठेवला, त्यानेच पुढे जन्माची भिंत राखली, हे श्रद्धावंतानेही झाकू नये.

या पार्श्वभूमीवर शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय वाचावा. अमानित्व, अदंभित्व, अहिंसा या लक्षणांनाच गीता तेथे ज्ञान म्हणते, आणि गीतेने ज्यांची केवळ नावे घेतली त्यांच्यावर ज्ञानदेव शेकडो ओव्या वेचतात. अहिंसक पुरुष भूमीवर पाऊल कसे हलके ठेवतो, येथवर ते थांबून पाहतात. आणि हे सारे मराठीत, ज्यांना उपनिषदांचे दार बंद होते त्यांच्या कानी पडेल अशा भाषेत.