पाण्याच्या मागानें जुनें पुणें

जुनें पुणें पाहण्यास आलेल्या पाहुण्यास माहितगार सोबती बहुधा प्रथम शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापुढें उभा करतो. १७३० सालीं पाया घातलेल्या व १८२८ सालच्या आगींत आंतून भस्मसात झालेल्या या वाड्याचा तट पाहण्यासारखा आहे खरा. परंतु पेठांचें अंतरंग उलगडतें तें पाण्याचा माग धरून चालल्यास.

नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या डोंगराशीं तलाव बांधून तेथील पाणी नळानें शहरांत आणलें. हा नळ लोखंडी नव्हे; माणसास आंत उतरतां यावें एवढा दगडविटांचा बोगदाच तो. ठिकठिकाणीं त्यास उच्छ्वास ठेविले होते. पंप नाहीं, मोट नाहीं. केवळ उतारानें हें पाणी वाड्यांत व पेठांतील हौदांत येई. फडके हौदाचें नांव चौकास अद्याप चिकटून आहे. तेथें पाणी शोधूं नये.

हौद सार्वजनिक म्हणवीत. पण अस्पृश्य मानलेल्यांस त्यांवर मज्जाव असे. म्हणून ही फेरी गंज पेठेंत जोतीराव फुले यांच्या घरापर्यंत नेली पाहिजे. १८६८ सालीं त्यांनीं आपल्या घरचा हौद या लोकांस मोकळा केला. पेशव्यांचें पाणी शहरांत येऊन तेव्हां शंभरावर वर्षें लोटलीं होतीं.

तें घर आज स्मारक म्हणून जपलें आहे. शनिवारवाड्यापासून पायीं अर्ध्या तासाची वाट; पण तेथें पोंचेपर्यंत पाहुणे थकतात आणि सोबती घाईनें बोलतो. फेरी त्या घरापासूनच सुरू करावी. वाडा मागाहून पाहिला तरी चालेल.