तवंग कुठवर आला?

7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया 3’ या जहाजांची टक्कर झाली. सांडलेले इंधन तेल उरण-अलिबागच्या किनाऱ्यांपर्यंत आणि कांदळवनांत पोहोचले. त्या आठवड्यात मी मांडव्याला होतो. मासळीला गिऱ्हाईक नव्हते. एका वृद्ध कोळ्याने विचारले, “तवंग कुठवर आलाय?” मला सांगता येईना. पुढे वाचताना कळले, की दोन द्रवांमधली सीमा नेमकी कुठे आहे, हे कोडे संगणकालाही कित्येक दशके छळत आले आहे.

1965 साली लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस हार्लो आणि वेल्श यांनी पाण्याचे क्षेत्र चौकटींत विभागले आणि त्यात खुणेचे कण सोडले. कण असतील तिथे पाणी, नसतील तिथे हवा. लाट फुटली तरी कण वाट दाखवत. पण ते विरळ झाले, की पाण्यात नसलेली भोके दिसू लागत.

1981 मध्ये त्याच प्रयोगशाळेतल्या हर्ट आणि निकोल्स यांनी कणांऐवजी प्रत्येक चौकटीत द्रवाचा वाटा मांडला. 0 म्हणजे रिकामी, 1 म्हणजे भरलेली. मधला आकडा आला, की सीमा तिथूनच जाते. एका चौकटीतून गेलेले पाणी शेजारच्या चौकटीत जमा होते, त्यामुळे जमाखर्च जुळतो. सीमेचा आकार मात्र अंदाजाने बांधावा लागतो.

1988 मध्ये ऑशर आणि सेथियन यांनी प्रत्येक बिंदूचे सीमेपासूनचे अंतर नोंदवले: एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला ऋण, शून्य तिथे सीमा. नकाशावरच्या समोच्च रेषेसारखीच ही युक्ती. आकार सुरेख मिळतो, पण गणित पुढे सरकताना बारीक थेंब हिशेबातून गळतात. 2000 साली ससमन आणि पकेट यांनी या दोन्ही रीतींची सांगड घातली.

या इतिहासात मला दिसते ती एक निवड: ‘किती’ सांभाळायचे, की ‘कुठवर’? समुद्रावरचा तवंग तर इतका पातळ, की मैलभराच्या चौकटीत त्याची कड मावतच नाही. म्हणून तेलगळतीचे अंदाज बांधताना आजही वारा आणि भरती-ओहोटीबरोबर वाहणारे कणच कल्पिले जातात. त्यांतून रेषा मिळत नाही, शक्यता मिळते.

भरपाई मागताना मात्र ‘कुठवर’ हा प्रश्न टाळता येत नाही. त्या कोळ्याचा प्रश्न साधा नव्हता, हे मला उशिरा कळले.