शत्रूची भाषा आणि तिचे शिक्षक

जुने मराठी गद्य वाचताना शब्द अडला की आपण अजूनही मोल्सवर्थ उघडतो. हा कोश मुंबईत १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्दांपर्यंत पोहोचला. ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो जेम्स टॉमस मोल्सवर्थ ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातील अधिकारी होता, आणि त्याचा साहाय्यक टॉमस कँडी हाही लष्करी पेशातलाच. ही गोष्ट आपण इतकी गृहीत धरली आहे की तिच्याकडे प्रश्न म्हणून पाहतच नाही. सैनिकाला परभाषा आणि परमुलूख शिकविण्याची ही प्रथा वसाहतींबरोबर संपली नाही. विसाव्या शतकात अमेरिकेने तिला विद्यापीठीय अभ्यासक्रमाचे रूप दिले. साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासाकडे पाहावे असे आम्हांला वाटते, कारण तो वाचनाचा आणि अध्यापनाचाही इतिहास आहे.

प्रारंभ एकेकट्या अधिकाऱ्यांपासून झाला. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, जोसेफ स्टिलवेल याची चीनसाठी भाषा-अधिकारी म्हणून निवड झाली. आधी बर्कली येथील विद्यापीठात आणि मग पेकिंगमध्ये तो चिनी शिकला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीवरचा अमेरिकन सेनापती झाला. परंतु चँग कै-शेक यांच्याशी त्याचे इतके बिनसले की १९४४ च्या ऑक्टोबरात त्याला परत बोलावून घ्यावे लागले. भाषा येणे म्हणजे मने जुळणे नव्हे, हा धडा या परंपरेच्या उगमापाशीच मिळतो.

मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग मात्र जपानीचा. जपानशी युद्ध अटळ दिसू लागताच अमेरिकन नौदलाने १९४१ च्या शरद ऋतूत हार्वर्ड व बर्कली येथे जपानीचे वर्ग सुरू केले. १९४२ मध्ये ते कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे एकत्र आले. निवडक तरुणांना तेथे वर्षभराहून अधिक काळ अक्षरशः जपानीत बुडवून ठेवले जाई. हेतू स्पष्ट होता : शत्रूचे कागद वाचता यावेत, कैद्यांची जबानी घेता यावी.

या विद्यार्थ्यांत डोनाल्ड कीन होता. १९४० साली न्यूयॉर्कमध्ये एकोणपन्नास सेंटांना मिळालेल्या 'गेंजी'च्या आर्थर वेलीकृत अनुवादाने त्याला जपानची ओढ लावली होती. नौदलाने त्याला हवाई बेटांवर पाठविले. तेथे त्याच्यापुढे आल्या मृत जपानी सैनिकांच्या अंगावर सापडलेल्या रोजनिश्या. त्यांतून तुकड्यांच्या हालचाली शोधायच्या होत्या. पण कीनला तिथे भूक, ताप, घरची आठवण आणि जवळ येत चाललेला मृत्यू भेटला. काहींच्या शेवटच्या पानावर, ही वही सापडल्यास माझ्या घरी पोचवावी, अशी विनंती इंग्रजीत लिहिलेली असे. कीनने अशा वह्या लपवून ठेवल्या, परंतु त्या त्याच्याकडून काढून घेण्यात आल्या. पुढे त्याने जपानी दैनंदिनी-वाङ्मयावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. २०१२ साली त्याने जपानचे नागरिकत्व घेतले आणि २०१९ मध्ये टोकियोत देह ठेवला. बोल्डरचाच दुसरा विद्यार्थी एडवर्ड सायडेनस्टिकर. कावाबाताची 'हिमभूमी' त्याने १९५६ साली इंग्रजीत आणली; १९६८ मध्ये कावाबाताला नोबेल पारितोषिक मिळाले. लष्करी माहितीचे आयुष्य काही आठवड्यांचे. ती शिळी झाल्यावरही जे वाचावेसे वाटत राहिले, त्यातून हे अनुवादक घडले.

ही कथा येथेच थांबविली तर ती फारच सोयीची होईल. कारण तिच्यात आपण फक्त विद्यार्थी पाहिले. शिकवीत कोण होते? बोल्डरचे बहुसंख्य अध्यापक जपानी वंशाचे अमेरिकावासी होते. १९ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशान्वये पश्चिम किनाऱ्यावरून जपानी वंशाच्या सुमारे एक लाख वीस हजार माणसांना हलवून छावण्यांत डांबण्यात आले. त्यांतील बहुतेक जन्माने अमेरिकन नागरिक होते. नौदलाची शाळा बर्कलीहून बोल्डरला हलली तीही याचमुळे : अध्यापकांना किनाऱ्यावर राहण्याचीच मनाई झाली होती. काही अध्यापक तर थेट छावण्यांतून आले. ज्यांच्या रक्ताबद्दल संशय, त्यांच्याच जिभेवाचून राज्याचे अडत होते. सकाळी वर्गात क्रियापदांची रूपे घोटून घ्यायची आणि संध्याकाळी काटेरी तारेमागच्या आप्तांची पत्रे वाचायची, असे दिवस त्यांनी काढले असतील.

युद्धानंतर ही व्यवस्था स्थिरावली. लष्कराची भाषाशाळा १९४६ साली कॅलिफोर्नियातील माँटरे येथे गेली. नौदलाची पदव्युत्तर शाळाही १९५१ मध्ये तेथेच आली. 'फॉरिन एरिया ऑफिसर' होऊ इच्छिणारा अधिकारी आज भाषा शिकतो, त्या प्रदेशात काही काळ राहतो आणि प्रादेशिक अभ्यासाची पदव्युत्तर पदवी घेतो. इराकवरील आक्रमणानंतर दोन वर्षांनी, २००५ साली, सर्व सैन्यदलांना असे अधिकारी घडविण्याचे आदेश निघाले. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे : आधी युद्ध, मग अभ्यासाची निकड. माँटरेच्या वर्गांतही शिकविणारे बहुधा त्या त्या भाषेतच वाढलेले, देश सोडून आलेले लोक असतात.

आता पुन्हा मोल्सवर्थकडे येऊ. त्याच्या कोशासाठी शब्द जमविले, अर्थ उकलून सांगितले ते पदरी ठेवलेल्या शास्त्रीमंडळींनी. मुखपृष्ठावर नावे आहेत ती मोल्सवर्थची आणि कँडी बंधूंची. म्हणून कोश टाकाऊ ठरत नाही. आम्ही तो रोज वापरतो, कृतज्ञतेने वापरतो. पण साहेबांच्या मराठीप्रेमाचे कौतुक वर्गात सांगताना तेवढ्यावरच थांबणे आम्हांला आता जड जाते. आपणही भाषाच शिकवितो. साहेबासमोर बसून एकेका शब्दाची छटा समजावून देणारा तो शास्त्री आपल्याच व्यवसायातला पूर्वज आहे. विद्यार्थ्यांना कोश उघडून दाखविताना त्याचाही उल्लेख करावा, एवढे तरी आपल्या हाती आहे.