माशी, मासा आणि शिसं

परवा एका मित्राने माझ्या हातावर एक काळी, केसाळ वस्तू ठेवली. "ही माशी," तो म्हणाला. मला तर तो बेसिनच्या जाळीत अडकलेला केसांचा गुंता वाटला :) पण मंडळी, हिला चांगला खानदानी इतिहास आहे!

ट्राउट पकडायला गळावर दोरा-पिसं बांधून नकली किडा करतात, तीच ही माशी. पण दांडग्या ट्राउटचं नुसत्या किड्यांवर भागत नाही, तो लहान मासेही गिळतो. म्हणून माशाचं सोंग घेणारी लांबट माशी आली : स्ट्रीमर.

१९३० च्या दशकात डॉन गेपनने कॅनडातल्या निपिगॉन नदीसाठी 'मडलर मिनो' बांधली. नक्कल होती स्कल्पिन माशाची. स्कल्पिनच्या पोटात हवेची पिशवी नसते, त्यामुळे तो तळालाच असतो. आणि मडलरचं डोकं कशाचं? हरणाच्या पोकळ केसांचं, म्हणजे तरंगणारं! आपल्या भाषेत, बग. त्यावर पॅच सोपा होता : आधी गळाच्या दांडीवर शिशाची तार गुंडाळायची, मग वर पिसं.

१९६७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंगने 'वुली बगर' केली. मऊ पिसांची शेपूट, पाण्यात सारखी वळवळणारी. बनवली होती बास माशासाठी, पण ट्राउटही तिच्यावर तुटून पडले. पुढे ऐंशीच्या दशकात तिथल्याच बॉब क्लाउजरने वजन थेट डोळ्यांत घातलं. गळाच्या पुढच्या टोकाला डंबेलसारखे शिशाचे दोन डोळे. दोरी ओढली की माशी वर, सोडली की डोक्यावर खाली. शिवाय गळ उलटा होतो आणि तळाच्या दगडांत कमी अडकतो. काय डोकं आहे!

पण एक टेस्ट केस राहूनच गेली होती : पक्षी. हंस आणि लून हे पक्षी अन्न दळायला बारीक खडे गिळतात, त्यांत हरवलेलं शिसंही पोटात जातं. एक छोटा तुकडा लूनचा जीव घ्यायला पुरतो. ब्रिटनने १९८७ मध्ये मासेमारीच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी घातली, न्यू हॅम्पशरमध्ये २००० पासून छोटी वजनं बंद झाली. यलोस्टोनमध्ये तर शिशाची तार गुंडाळलेली माशीही चालत नाही. उपाय म्हणजे टंगस्टन. शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३. म्हणजे लहान मणी, तेवढंच वजन. फक्त खिशाला जड.

मी मित्राला विचारलं, "हिच्या पोटात काय आहे?"

तो जरा थांबला. "शिसंच. जुनी आहे. अशी डबाभर आहेत."

गोम हीच आहे. तार पिसांखाली दडलेली, वरून काही कळत नाही. ज्याने बांधली त्यालाच ठाऊक.

असो. पुढच्या रविवारी डबा घेऊन बसायचं ठरलंय. ब्लेड माझ्याकडे, चहा त्याच्याकडे.