उणे चोवीस आणि आगोट

मंडळी, या फेब्रुवारीत आम्ही दोघे महिनाभर मॉन्ट्रियलला लेकीकडे होतो. परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "थंडी सोसली का?" सोसली. नुसती सोसली नाही, तर उणे चोवीस अंशांत दोन रात्री जंगलात, चाकांवरच्या घरात राहून आलो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने हे करावे का, यावर घरात मतभेद होते. पण जावईबापूंच्या मित्राने आपली आरव्ही देऊ केली होती, नातू नाचत होता आणि मी आयुष्यभर इतिहास शिकवलेला मास्तर. ज्या हिवाळ्याबद्दल पुस्तकात वाचले, तो एकदा जवळून पाहावा असे मलाही वाटलेच.

आरव्ही म्हणजे इंजिनासकट घर. दोन पलंग, शेगडी, बेसिन, संडास, सगळे काही एका मोटारीत. उन्हाळ्यात ते चालवणे सोपे. हिवाळ्यात मात्र त्याची तयारी पाहून मला आमच्या कोकणातली आगोट आठवली. मिरगापूर्वी घरात तांदूळ, मीठ, सुकी मासळी, लाकडे भरून ठेवायची आणि पडवीला झापे बांधायची, की पावसाची झड आत येऊ नये. इथेही तसेच! गाडीच्या खालच्या बाजूला चहूकडून जाड कापडाचा घेर बांधतात, म्हणजे वारा खालून शिरत नाही. नळ्यांतले पाणी गोठून फुटू नये म्हणून त्यांत गुलाबी रंगाचे न गोठणारे द्रव्य भरतात आणि पिण्याचे पाणी कॅनमधून नेतात. उबेसाठी फर्नेस चालते ती प्रोपेनवर. आपल्या घरच्या सिलिंडरात प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असते. ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपासच वायू व्हायचे थांबते, प्रोपेन मात्र उणे बेचाळीसपर्यंत साथ देते. म्हणून या मुलखात प्रोपेनच. शिवाय फर्नेसचा पंखा बॅटरीवर, आणि बॅटरी थंडीत निम्मी दमते. म्हणून छावणीत विजेची जोडणी हवी. विषारी वायूची सूचना देणारे यंत्र तर हवेच हवे. आणि इतके करून छताची एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची, नाहीतर आपल्याच श्वासाचे पाणी भिंतींवरून ओघळते. हिने हे सगळे ऐकून विचारले, "मग घरीच का नको?"

प्रश्न बरोबर होता. आणि गंमत अशी, की आरव्हीचा इतिहासही हिच्याच बाजूने आहे. १९१० साली पियर्स-ॲरो कंपनीने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात झोपायची सोय असलेली मोटार मांडली. तेव्हापासून घरगाड्यांचा हा वंश वाढत गेला. १९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा इथे 'टिन कॅन टूरिस्ट' नावाचा मोटार-प्रवाशांचा संघ निघाला. फ्लोरिडा म्हणजे ऊब. हिवाळा आला की मोटारीत बिऱ्हाड घालून दक्षिणेला पळायचे, ही त्या लोकांची रीत. आजही क्वेबेकमधली किती तरी सेवानिवृत्त मंडळी असेच करतात. त्यांना तिकडे 'स्नोबर्ड' म्हणतात. थोडक्यात, चाकांवरचे घर उत्तरेत हिवाळ्यापासून पळण्यासाठीच जास्त वापरले गेले. त्यातच बसून हिवाळ्याच्या पोटात शिरणारे आमच्यासारखे थोडे.

वाटेत वालकूर नावाचे गाव लागते. मॉन्ट्रियलपासून तासा-दीडतासावर. तिथे जोसेफ-आर्मां बोंबार्दिये या माणसाचे संग्रहालय आहे. आत त्याचे जुने गॅरेजही जपून ठेवले आहे. मी तिथे अर्ध्या तासासाठी शिरलो आणि दोन तासांनी बाहेर आलो. नातवाला यंत्रे पाहायची होती. मला मात्र एका गोष्टीने धरून ठेवले.

बोंबार्दिये १९०७ सालचा. पंधरा वर्षांचा असताना, १९२२ च्या अखेरीस, त्याने फोर्ड गाडीचे जुने इंजिन घसरगाडीवर बसवले, मागे विमानासारखा पंखा लावला आणि भावाला बरोबर घेऊन गावातून बर्फावर गाडी पळवली. वडिलांनी तो उघडा पंखा पाहिला आणि तिथल्या तिथे सगळे सुटे करायला लावले. पण पोराच्या डोक्यातली कल्पना काही सुटी झाली नाही. पुढे एकोणिसाव्या वर्षी त्याने गावात गॅरेज टाकले. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात बर्फावर चालणारी गाडी जुळवत बसायचे. हिवाळ्यात तरी दुसरे काय करणार? त्या काळी खेड्यांतले रस्ते कोणी साफ करत नसे. पहिला मोठा बर्फ पडला की मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवत आणि वसंतापर्यंत घोड्याची घसरगाडी तेवढी उरे.

१९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. आंत्रपुच्छाचा विकार पोटभर पसरला होता. इस्पितळ शेरब्रूकला, सुमारे पन्नास किलोमीटर दूर. रस्ते बर्फाखाली. बापाचे बर्फयंत्र गॅरेजात सुट्या भागांत पडलेले. मूल गेले.

यानंतर दोन-तीन वर्षांत त्याने ती गाडी पूर्ण केली. रबर चढवलेले दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा पट्टा, ही त्याची मुख्य युक्ती. त्याचे पेटंट १९३७ चे. सात माणसे बसतील अशी 'बी-७' गाडी निघाली, मग बारा माणसांची 'बी-१२'. या गाड्यांतून डॉक्टर गेले, टपाल गेले, पाद्री गेले, शाळेची मुले गेली. मी मास्तर असल्यामुळे शाळेच्या गाडीपुढे जरा जास्त वेळ उभा राहिलो. तिच्या खिडक्या गोल आहेत, बोटीला असतात तशा.

आता पुढचा भाग ऐका. १९४८ साली क्वेबेक सरकारने ठरवले, की गावोगावचे रस्ते हिवाळ्यात साफ ठेवायचे. लोकांची केवढी सोय! पण बोंबार्दियेची विक्री एका वर्षात जवळजवळ निम्म्याने खाली आली. साध्या मोटारीने जाता येत असेल तर पट्ट्याची गाडी कोण घेणार? तो खाणी, जंगलतोड, दलदल यांसाठी मोठी यंत्रे करू लागला. पुढे हलकी इंजिने मिळू लागली, तेव्हा १९५९ साली त्याने एका-दोघांनी बसायचे छोटे यंत्र काढले, तेच 'स्की-डू'. त्याच्या मनात होते ते उत्तरेकडे फिरणारे पाद्री आणि सापळे लावणारे शिकारी. विकत घेतले ते शहरातल्या हौशी लोकांनी. १९६४ साली तो वारला, तेव्हा त्याचे यंत्र रविवारच्या करमणुकीची वस्तू होऊ लागले होते.

आमच्या छावणीभोवती तीच करमणूक चालली होती. दूरच्या वाटेवरून स्नोमोबील गुरगुरत जात. जवळ मुले टोबोगनवरून घसरत. आम्हीही पायांना स्नोशू बांधून देवदारांतून तासभर चाललो. स्नोशू म्हणजे बर्फावरच्या खडावा म्हणा ना! जुन्या असतात त्या ॲश लाकडाची चौकट वाकवून तिच्यात कच्च्या चामड्याच्या वाद्या विणलेल्या. या खडावा काय आणि टोबोगन काय, दोन्ही इथल्या मूळ रहिवाशांच्या. त्यांच्या दृष्टीने ती शिकारीची आणि ओझ्याची साधने, त्यांच्याविना हिवाळा निघालाच नसता. मॉन्ट्रियलच्या गोऱ्या हौशी मंडळींनी १८४० च्या सुमाराला स्नोशूंचा क्लब काढला, निळ्या टोप्या घालून ते माउंट रॉयलच्या टेकडीवर चढू लागले, आणि एकाचे हत्यार दुसऱ्याचा खेळ झाले. स्की-डूने हाच प्रवास शंभर-सव्वाशे वर्षांनी पुन्हा केला. उलट दिशेनेही केला बरं का. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांत त्याने कुत्र्यांच्या गाड्यांना मागे सारले आणि त्यांच्या शिकारीला पेट्रोलचा खर्च लावला. तिथे ते यंत्र खेळ झालेच नाही.

दुसऱ्या रात्री वादळ आले. वाऱ्याने गाडी हलत होती. अकराच्या सुमाराला नातू उठून बसला. "आजोबा, पोटात दुखतंय."

हिने ओवा-हिंग दिले. लेकीने कपाळाला हात लावून पाहिला, जावयाने बाहेर डोकावून पाहिले. छावणीचा रस्ता दिसत नव्हता, नुसता पांढरा पडदा. माझ्या तोंडाला कोरड पडली. आदल्याच दिवशी पाहिलेले गॅरेज डोळ्यांपुढे आले, हे खरे. पण त्याच्याही मागे दुसरे काही होते. ते मी लेकीला आजवर कधी नीट सांगितले नव्हते.

१९६१ चा जुलै. मी दहा वर्षांचा. आमच्या धाकटीला, तीन वर्षांच्या पोरीला, ओकाऱ्या-जुलाब सुरू झाले. डॉक्टर तालुक्याला, नदीपलीकडे पाच मैलांवर. नदीवरचा साकव आदल्याच दिवशी वाहून गेला होता. वडील तिला इरल्याखाली धरून काठावर उभे राहिले, हाका मारल्या, परत आले. पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी पाणी उतरले. तोवर उशीर झाला होता. त्यानंतर पाऊस लागला की आई पडवीत बसत नसे. "छान पाऊस पडतोय" हे वाक्य आमच्या घरात कोणी उच्चारले नाही. घरात कोणी तशी बंदी घातली नव्हती, पण नाहीच उच्चारले.

त्या रात्री लेकीने ८११ हा क्रमांक फिरवला. तिथे परिचारिका चोवीस तास फोनवर असतात. तिने शांतपणे विचारले: दुखते कुठे, ताप आहे का, उजवीकडे दाबल्यावर ओरडतो का, उड्या मारता येतात का. नातवाने पलंगावर दोन उड्या मारून दाखवल्या. मग दुपारी खाल्लेल्या पॅनकेकांचा आणि त्यांवरच्या मेपलच्या पाकाचा हिशेब निघाला. सात! दीडच्या सुमाराला स्वारी झोपली. मी जागाच राहिलो. साडेपाचला दूरवर पिवळा दिवा फिरताना दिसला. बर्फ ढकलणारी गाडी होती. तिने रस्ता उघडला आणि मग मी पाठ टेकली.

सकाळी बाहेर ऊन होते, झाडे पांढरी होती आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेले, "काय सुंदर आहे!" मग माझे मलाच कळले, की हे मी रस्ता उघडल्यानंतर म्हणतो आहे. बोंबार्दियेचा धंदा त्या रस्ता साफ करणाऱ्या गाडीने बुडवला खरा, पण त्याच्या यंत्राला खेळ होण्याची मोकळीकही तिनेच दिली. इस्पितळाची वाट बर्फाखाली असती, तर रविवारी बर्फावर हुंदडायला कोण गेले असते? आमची आरव्ही त्या जंगलात पोचली तीही याच साफ रस्त्यावरून.

आमच्या नदीवर पूल झाला १९७४ साली. आता आषाढात मुंबई-पुण्याची पोरे तिथे धबधबे पाहायला येतात, पुलावर उभी राहून फोटो काढतात. पूर्वी मला त्यांचा राग येई. आता येत नाही. मात्र काळजी वाटते. २०१६ साली २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकाळातला पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. मौजेखालचा पूल कोणी तरी तपासत राहावे लागते, पहाटे साडेपाचला उठून बर्फ ढकलत राहावा लागतो, एवढेच माझे म्हणणे.

परतीच्या वाटेवर लेकीला धाकटीची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, आजी पावसात खिडक्या का लावून घ्यायची, ते आज कळलं."

असो. नातवाचा फोन आला होता. पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा जायचे म्हणतो. हिने अट घातली आहे, पॅनकेक तीनच. मी अजून काही बोललो नाही. पण ओव्याची पुडी बॅगेत तशीच ठेवली आहे.